प्रस्तावना: रुग्णालयातील उपकरणे आणि स्थानिक तंत्रज्ञ

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची चर्चा बहुधा डॉक्टर, औषधे, खाटा आणि निधी यांच्याभोवती होते, आणि उपकरणांचा विषय निघालाच तर तो खरेदीपाशी संपतो. खरेदी केलेले उपकरण पाचव्या वर्षी चालते आहे की नाही, बंद पडले तर ते कोणी उघडायचे आणि उघडणाऱ्याला ते काम कोणी शिकवायचे, हे प्रश्न अर्थसंकल्पात क्वचित येतात आणि वैद्यकीय शिक्षणात जवळजवळ नाहीतच. प्रस्तुत पुस्तक या प्रश्नांना वाहिलेले आहे. जिल्हा व तालुका रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि छोटी धर्मादाय रुग्णालये यांतील उपकरणे हाताळू व दुरुस्त करू शकणारे तंत्रज्ञ त्याच परिसरातून कसे घडवता येतील, हा त्याचा विषय असून, त्याची मांडणी मुख्यतः बंगळुरू शहराला आणि त्या शहराच्या आधाराने चालणाऱ्या कर्नाटकातील रुग्णालयांना समोर ठेवून केलेली आहे.

या विषयाचा आवाका भारत सरकारच्या एका मोजणीमुळे स्पष्ट झाला. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण व्यवस्थापन व देखभाल कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशातील सरकारी आरोग्यसंस्थांकडे नेमकी कोणती उपकरणे आहेत याची यादीच उपलब्ध नव्हती. ती तयार करताना २९ राज्यांतील २९,११५ संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणे आढळली, त्यांची किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये भरली, आणि त्यांपैकी बंद असलेल्यांचे प्रमाण राज्यागणिक १३ ते ३४ टक्के निघाले. ही स्थिती एकट्या भारताची नव्हे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रॉबर्ट मॅल्किन आणि लोरा पेरी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ देशांतील १,१२,०४० उपकरणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील ३८.३ टक्के उपकरणे वापरात नव्हती. गरीब देशांत यंत्रे नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. त्या विधानाला या आकड्यांनी मोठी दुरुस्ती सुचवली आहे, कारण पुष्कळ ठिकाणी यंत्र आलेले असते, जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद झालेली असते आणि ते कोपऱ्यात झाकून ठेवलेले असते.

ही यंत्रे बंद का पडतात, हे कळल्याशिवाय प्रशिक्षणाचा विचार करता येत नाही, आणि या बाबतीत मॅल्किन यांचाच २०१० मधील दुसरा अभ्यास अधिक उपयोगी आहे. त्यात ११ देशांतील ६० रुग्णालयांकडून आलेल्या २,८४९ दुरुस्ती-मागण्या तपासल्या गेल्या. त्यांतील बंद उपकरणांपैकी ७२ टक्के उपकरणे बाहेरून एकही सुटा भाग न मागवता पुन्हा चालू झाली, आणि ६६ टक्के उपकरणांच्या दुरुस्तीला केवळ १०७ कौशल्ये पुरेशी ठरली. वीजजोडणी, यांत्रिक भाग, वीजपुरवठ्याचा संच, नळजोडणी, मोटर आणि उपकरणाची मांडणी व वापराचे शिक्षण अशा सहा क्षेत्रांत ही कौशल्ये विभागलेली होती. त्यांत फ्यूज तपासणे, तुटलेली वायर सोल्डर करणे, गळणारे गॅस्केट बदलणे, तुंबलेली नळी मोकळी करणे, मोटरचे कार्बन ब्रश बदलणे अशी कामे येतात. ज्या तालुक्यात शेतीपंपांच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकाने आहेत, त्या तालुक्यात या कौशल्यांचे मूळ आधीपासूनच आहे. सक्शन यंत्र, म्हणजे शस्त्रक्रियेत किंवा प्रसूतीच्या वेळी श्वासमार्गातील स्राव ओढून काढणारे यंत्र, तत्त्वतः मोटर, पंप, बाटली आणि रबरी झाकण एवढ्यांचेच बनलेले असते, आणि ते ओढत नाही अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा दोष झाकणाच्या गळतीत किंवा नळीतील भेगेत सापडतो. पंपाचा कारागीर हे यंत्र समजू शकतो. मात्र ते रुग्णाच्या शरीराशी जोडले जाते म्हणून कोणती काळजी घ्यावी लागते, निर्जंतुकीकरण कसे करायचे आणि दुरुस्तीनंतर कोणती चाचणी घेतल्याशिवाय ते परिचारिकेच्या हाती द्यायचे नाही, हे त्याला ठाऊक नसते. प्रशिक्षणाचा खरा ऐवज या दुसऱ्या भागात आहे.

त्याचबरोबर दुरुस्तीचे काम सोपे आहे असा समज करून घेणेही घातक ठरेल, कारण वैद्यकीय उपकरण अनेकदा बंद न पडताच निकामी होते. नवजात बालकांच्या काविळीवर वापरला जाणारा फोटोथेरपीचा दिवा हे याचे उदाहरण होय. रक्तातील बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निळ्या प्रकाशामुळे शरीराबाहेर टाकता येईल अशा रूपात बदलते. तीव्र उपचारासाठी हा प्रकाश दर चौरस सेंटिमीटर व दर नॅनोमीटर तरंगलांबीमागे किमान ३० मायक्रोवॅट इतका तीव्र असावा लागतो. वापराचे तास वाढत जातात तशी निळ्या नळ्यांची तीव्रता घटत जाते, परंतु डोळ्यांना त्या तेवढ्याच उजळ दिसतात. रेडिओमीटर या मापकाने तीव्रता न मोजणाऱ्या कक्षात बाळ दिव्याखाली ठेवलेले असते, नोंदवहीत उपचार सुरू असल्याची नोंद असते आणि प्रत्यक्षात उपचार होत नसतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचेही तसेच आहे. हे यंत्र खोलीतील हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या सच्छिद्र द्रव्यातून नेते, त्यात नायट्रोजन शोषला जातो आणि सुमारे ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर पडतो. हवा गाळणारी जाळी धुळीने भरली, झडप नीट उघडझाप करेनाशी झाली किंवा झिओलाइटमध्ये ओल शिरली, तरी नळीतून वारा येतच राहतो. त्यातला ऑक्सिजन मात्र कमी होत जातो. म्हणून तंत्रज्ञाला पाना आणि सोल्डरिंग लोखंडाइतकेच मापक वापरता यायला हवे. ज्ञात प्रमाणाशी तुलना करून उपकरणाचे वाचन बरोबर आहे की नाही हे ठरवण्याच्या क्रियेला अंशशोधन म्हणतात, आणि ज्या अभ्यासक्रमात अंशशोधनाला जागा नाही, तो अभ्यासक्रम यंत्र चालू करणारी माणसे घडवील, पण रुग्णाला सुरक्षित ठेवणारी माणसे घडवणार नाही.

बंगळुरूचा विचार येथे दोन कारणांनी येतो, आणि ती कारणे परस्परविरोधी वाटावीत अशी आहेत. पहिले असे की, वैद्यकीय उपकरणांची रचना व निर्मिती करणाऱ्या भारतातील प्रमुख केंद्रांपैकी हे शहर एक आहे. येथील जीई कंपनीच्या अभियंत्यांनी बॅटरीवर चालणारे, हातात नेता येणारे ईसीजी यंत्र तयार केले तेव्हा त्यात बसच्या तिकीट-यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा छोटा प्रिंटर बसवला. खेड्यातील दवाखान्याची गरज ओळखून केलेली रचना म्हणून तिची जगभर चर्चा झाली. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीने संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेच्या व म्हैसूरमधील एका उत्पादकाच्या सहकार्याने ३०,००० व्हेंटिलेटरांची मागणी स्वीकारली. शहरातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स ही पदवीची शाखा आहे, आणि सदर पत्रप्पा रस्त्याच्या, म्हणजेच एस. पी. रोडच्या, बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचा हवा तो सुटा भाग मिळतो.

दुसरे कारण असे की, हे सारे सामर्थ्य राज्याच्या एका टोकाला साठलेले आहे. बेळगाव येथून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे, बीदर सुमारे ७०० किलोमीटरवर. डी. एम. नंजुंडप्पा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये राज्यातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले, तेव्हा अतिमागास तालुक्यांचा मोठा वाटा उत्तर कर्नाटकाच्या पदरी पडला. औरादकडच्या किंवा खानापूरकडच्या रुग्णालयातील एखादे यंत्र थांबले आणि त्याचा सर्व्हिस इंजिनिअर बंगळुरूत असला, तर दुरुस्तीच्या खर्चात दोष शोधण्याच्या श्रमापेक्षा प्रवासाचाच वाटा मोठा होतो आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी आठवडे जातात. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर संशोधन केंद्रात किंवा विक्री विभागात जातो. त्याने तालुका रुग्णालयात यावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, आणि त्याची तेथे तितकी गरजही नाही. तेथे गरज आहे ती आयटीआय किंवा पदविका झालेल्या, त्याच परिसरात राहणाऱ्या आणि तेथेच राहू इच्छिणाऱ्या व्यक्तीची.

हा विचार बंगळुरूला नवा नाही. क्षयरोग नियंत्रणाच्या क्षेत्रात तो या शहरात सहा दशकांपूर्वी पूर्णपणे तपासला गेला आहे, आणि उपकरणांच्या प्रशिक्षणाचा विचार करणारे अभ्यासक त्या इतिहासाकडे फारसे पाहत नाहीत, हे खेदाचे आहे. बळ्ळारी रस्त्यावरील ‘अ‍ॅव्हलॉन’ या वास्तूत १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य तिला होते आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान माहलर हे तिच्या आरंभीच्या काळात येथे काम करत होते. क्षयरोगाचे निदान आणि उपचार तोवर शहरी रुग्णालये, क्ष-किरण यंत्रे व विशेषज्ञ यांच्याशी बांधलेले होते. संस्थेने तुमकूर व आसपासच्या भागांत केलेल्या सर्वेक्षणांवरून आणि प्रयोगांवरून १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची जी आखणी झाली, तिचा गाभा असा होता की, खेड्यातील साध्या आरोग्यसंस्थेत, तेथल्याच कर्मचाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासून निदान करावे. त्यासाठी विशेषज्ञाचे काम छोट्या, निश्चित, शिकवता येण्याजोग्या पायऱ्यांमध्ये विभागले गेले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांना एकेकटे न शिकवता चमू म्हणून शिकवले गेले. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याबरोबर प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, उपचार संघटक आणि सांख्यिकी साहाय्यक हेही त्याच प्रशिक्षणात असत.

या पद्धतीतील तीन गोष्टी उपकरण-दुरुस्तीला जशाच्या तशा लागू पडतात. पहिली म्हणजे अभ्यासक्रम प्रत्यक्ष पाहणीवरून ठरवणे. मॅल्किन यांची १०७ कौशल्ये हे त्याचेच दुसरे रूप होय. दुसरी म्हणजे चमूचे प्रशिक्षण, कारण यंत्र वापरणारी परिचारिका, ते दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आणि सुट्या भागाच्या खरेदीवर सही करणारा वैद्यकीय अधिकारी यांच्यापैकी एकालाच शिकवले तर उरलेल्या दोघांच्या अज्ञानापुढे त्याचे ज्ञान हतबल होते. तिसरी सर्वांत महत्त्वाची: प्रशिक्षण संपल्यावर परतणाऱ्या माणसासाठी जिल्ह्यात मंजूर पद आणि ठरलेले काम होते. आजची अनेक प्रशिक्षणे प्रमाणपत्राशी संपतात. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत आहे, वैद्यकीय उपकरण तंत्रज्ञान साहाय्यक ही भूमिका आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनेही आखलेली आहे. तरी शिकलेल्या मुलामुलींना सामावून घेणारे पद तालुका रुग्णालयाच्या आकृतिबंधात नसेल, तर ती शहरातील खाजगी कंपन्यांकडे जातात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

सरकारने स्वीकारलेला मार्ग वेगळा होता. २०१५ च्या कार्यक्रमात राज्यांनी खाजगी सेवापुरवठादाराशी करार करावा, त्याने सर्व उपकरणांची देखभाल करावी आणि उपकरण चालू असण्याच्या काळाचे ठरावीक प्रमाण राखावे, अशी योजना आहे. हे प्रमाण जिल्हा रुग्णालयांसाठी ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांसाठी ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ८० टक्के ठरवण्यात आले. या कार्यक्रमामुळे यादी तयार झाली, तक्रार नोंदवण्याची सोय झाली आणि वर्षानुवर्षे बंद असलेली पुष्कळ यंत्रे चालू झाली, हे मान्य करायलाच हवे. परंतु या टक्केवारीचे दिवसांत रूपांतर केले की तिच्यातील विषमता उघड होते. जिल्हा रुग्णालयातील यंत्र वर्षातून सुमारे १८ दिवस बंद राहिले तरी करार पाळला जातो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील यंत्र ७३ दिवस बंद राहिले तरी तो पाळला जातो. जिल्हा रुग्णालयात एक रेडिअंट वॉर्मर, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणारे यंत्र, थांबले तर शेजारी दुसरे असते; प्राथमिक केंद्रात बहुधा ते एकच असते. म्हणजे जेथे पर्याय नाही तेथेच अधिक काळ थांबण्याची मुभा देण्यात आली आहे. दूरच्या ठिकाणी पोहोचायला कंत्राटदाराला वेळ लागतो हे तिचे व्यावहारिक कारण, आणि स्थानिक तंत्रज्ञाच्या बाजूने यापेक्षा सबळ युक्तिवाद शोधण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला २०२१ हे वर्ष या संदर्भात विसरता येणार नाही. त्या वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे पीएम केअर्स निधीतून तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांचा प्रश्न आला. रुग्णालयाच्या मते वापरात आणलेली यंत्रे सदोष होती. केंद्र सरकारच्या मते ती सूचनापुस्तिकेप्रमाणे वापरली गेली नव्हती. न्यायालयीन वादाचा निवाडा हा या पुस्तकाचा विषय नाही. परंतु दोष यंत्रात आहे, ऑक्सिजनच्या नळीतील दाबात आहे की वापरण्याच्या पद्धतीत आहे, हे रुग्णालयातल्या रुग्णालयात, त्याच दिवशी, मोजून सांगू शकणारी व्यक्ती असती तर प्रश्न न्यायालयापर्यंत जाण्याआधी रुग्णाच्या उशाशीच सुटण्याची शक्यता होती. त्याच वर्षी जुलैमध्ये देशभर उभ्या राहत असलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांसाठी सुमारे ८,००० व्यक्तींना ते चालवण्याचे व त्यांच्या देखभालीचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट केंद्राने जाहीर केले. संकटाने का होईना, यंत्राबरोबर माणूसही लागतो ही गोष्ट धोरणात उतरली.

प्रशिक्षण कसे द्यावे याची चांगली उदाहरणे उपलब्ध आहेत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने नेत्रोपकरणांच्या देखभालीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम अनेक वर्षे चालवला असून त्यात आशिया व आफ्रिकेतील रुग्णालयांचे कर्मचारीही शिकून गेले आहेत. दमट हवेत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर वाढणारी बुरशी, स्लिट लॅम्पचे बल्ब, शस्त्रक्रियेच्या हत्यारांना धार लावणे असे नेमके विषय त्यात येतात, आणि शिकणारा आपल्या रुग्णालयाच्या गरजेचे काम हाताने करूनच परततो. रवांडात एंजिनिअरिंग वर्ल्ड हेल्थ या संस्थेने सरकारी रुग्णालयांत आधीपासून नोकरीत असलेल्या तंत्रज्ञांनाच टप्प्याटप्प्याने शिकवले: काही आठवडे वर्ग, मग आपल्या रुग्णालयात काम, मग पुन्हा वर्ग. शिकताना माणूस रुग्णालयापासून तुटत नाही, हे या रचनेचे मोठे बलस्थान आहे, आणि कर्नाटक किंवा महाराष्ट्रासारख्या विस्तीर्ण राज्याला तीच अधिक मानवेल.

मात्र कौशल्य असूनही तंत्रज्ञाचे हात बांधणाऱ्या काही अडचणी प्रशिक्षणाबाहेरच्या आहेत. उपकरण उघडून दुरुस्त करण्यासाठी लागणारी सर्व्हिस मॅन्युअल पुष्कळ उत्पादक फक्त आपल्या अधिकृत अभियंत्यांना देतात. नव्या यंत्रांत दोष-तपासणीचा भाग पासवर्डमागे असतो. सुटा भाग एकट्याने मिळत नाही, संपूर्ण संच घ्यावा लागतो. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे तिने प्रथम घेतली. वैद्यकीय उपकरणे त्यात नव्हती. ट्रॅक्टरच्या मालकाला जो हक्क मिळावा असे शासनाला वाटते, तो प्रसूतिगृहाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. रुग्णसुरक्षेचे कारण पुढे केले जाते आणि ते पूर्णपणे पोकळ नाही, परंतु मॅन्युअल हाती नसलेला तंत्रज्ञ अंदाजाने काम करतो आणि अंदाजाने केलेले काम हेच रुग्णासाठी सर्वाधिक धोक्याचे असते. याच्या जोडीला लेखापरीक्षणाची भीती असते: बंद यंत्र जपून ठेवले तर कोणी विचारत नाही, ते उघडून त्यातला भाग दुसऱ्या यंत्रात घातला तर खुलासा द्यावा लागतो, आणि निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करण्याची, प्रक्रिया इतकी लांबते की कालबाह्य यंत्रे कामाच्या यंत्रांची जागा अडवून राहतात.

या साऱ्या विचारातून पुस्तकातील प्रकरणांचा क्रम ठरला आहे. आरंभी वीजपुरवठा, अर्थिंग आणि विद्युत्सुरक्षा येते, कारण कोणतेही यंत्र हातात घेण्याआधी ते ज्या भिंतीतल्या प्लगला जोडले आहे तो तपासायला हवा. त्यानंतर सक्शन यंत्र, ऑटोक्लेव्ह, रक्तदाबमापक, पल्स ऑक्सिमीटर, ईसीजी, रेडिअंट वॉर्मर, फोटोथेरपी आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही उपकरणे आहेत. प्रत्येकाचे कार्य, नेहमीचे दोष, सफाई, अंशशोधन आणि परिचारिकेला समजावून सांगायच्या गोष्टी असा तपशील दिला आहे. व्हेंटिलेटर व भूलयंत्र यांच्या प्रकरणांत दुरुस्तीऐवजी दैनंदिन तपासणीवर भर आहे, आणि कोणता दोष दिसताच स्वतः हात न घालता यंत्र बाजूला काढायचे व कोणाला कळवायचे हे त्यांत सांगितले आहे. क्ष-किरण यंत्रांची दुरुस्ती जाणीवपूर्वक वगळली आहे, कारण ती अणुऊर्जा नियामक मंडळाने अधिकृत केलेल्या व्यक्तींनीच करायची असते. तिच्याविषयीच्या छोट्या परिशिष्टात केवळ केबल, स्टॅबिलायझर, खोलीची सुरक्षा आणि गुणवत्ता-चाचणीच्या तारखांची नोंद एवढेच घेतले आहे.